‘समस्याप्रधान’ खोडून तिथे काय लिहू? हसऱ्या प्रेमकथेसाठी शब्द

वेंगुर्ला

मंडळी, एक शब्द हवा आहे. खरं तर तीन-चार हवेत, पण आधी काय झालं ते सांगते.

गेल्या महिन्यात मी आमच्या इथल्या एका वाचनालयाला एक इंग्रजी कादंबरी भेट दिली. केसी मॅकक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’, २०१९ सालची. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी एक बाई आहेत, त्यांचा मुलगा अलेक्स. इंग्लंडचा धाकटा राजपुत्र हेन्री. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. राजघराण्यातल्या एका लग्नात हे दोघं हुज्जत घालता घालता लग्नाच्या केकवर कोसळतात, जगभर बोभाटा होतो, आणि अब्रू झाकायला दोन्हीकडची माणसं ठरवतात की या दोघांनी जिवलग मित्र असल्याचं चारचौघांत दाखवायचं. दाखवता दाखवता ते खरंच जिवलग होतात, आणि मग ‘मित्र’ हा शब्द त्यांना पुरेनासा होतो.

वाचनालयातल्या मुलीने नोंदवही उघडली आणि विचारलं, “ताई, विषय काय लिहू?” मी म्हटलं, प्रेमकथा. तिने सुरेख अक्षरात लिहिलं. आठ दिवसांनी सहज वही चाळली, तर ‘प्रेमकथा’वर रेघ मारून लाल शाईने वर लिहिलेलं, ‘समस्याप्रधान’.

मला फार लागलं ते. या पुस्तकात समस्या अजिबात नाही असं मी म्हणत नाही. दोघांची खासगी पत्रं फुटतात, निवडणूक तोंडावर असते, राजवाड्यातली माणसं डोळे वटारतात. पण संकट आलं की कथा समस्याप्रधान होते का? मग आपल्याकडच्या निम्म्या प्रेमकथा, ज्यात मुलीचा बाप आडवा येतो, त्या सगळ्या त्याच कपाटात जायला हव्यात. हे पुस्तक चारशेवर पानांचं आहे आणि त्यातली निदान तीनशे मी हसत वाचली. अलेक्सच्या खोलीत दोन टर्की पक्षी ठेवलेले असतात, त्यांच्या आवाजाने याची झोप उडते आणि रात्री-अपरात्री तो समुद्रापलीकडच्या राजपुत्राला फोन लावतो. आपण ज्याला आवडत नाही म्हणतो त्याचाच नंबर पहिला आठवावा! प्रेमाची सुरुवात इतकी साधी आणि इतकी खरी मी अलीकडे वाचलेली नाही.

दोष सांगायचे तर सांगते. राजकारणाचा भाग गुळचट आहे, सगळं फार सोयीने घडतं. मधली साठ-सत्तर पानं निवडणुकीच्या धावपळीत ओढल्यासारखी वाटतात. पण दोघं एकमेकांना जी लांबलचक ईमेल लिहितात आणि शेवटी जुन्या काळातल्या माणसांच्या प्रेमपत्रांतली एखादी ओळ जोडतात, त्या भागासाठी बाकी सगळं माफ.

तर प्रश्न असे. ‘लाइट-हार्टेड’ला मराठीत काय म्हणावं? ‘गे’ला रोजच्या बोलण्यातला, तोंडात बसणारा शब्द कोणता? आणि हे दोघं एकमेकांचे कोण म्हणायचे?

दापोली

हलकंफुलकं! शब्द तर तयारच आहे. वर्तमानपत्रात रोज येतो.

वेंगुर्ला

आहे खरा, पण मला तो इथे वापरवत नाही. ‘हलकं’ला आपल्याकडे दोन तोंडं आहेत. ओझं हलकं झालं, मन हलकं झालं, हे एक. हलक्या कानाचा, हलक्या प्रतीचं, हलकट, हे दुसरं. एरवी ‘फुलकं’ जोडलं की दुसरा अर्थ मागे सरतो. पण दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल बोलताना तो बरोबर पुढे येतो, कारण ऐकणारा आधीच ते प्रेम हलकं समजत असतो. ‘खुसखुशीत’चाही विचार केला. शंकरपाळ्याला चालतं, विनोदी लेखाला चालतं. प्रेमाला नाही चालत. दातांखाली मोडल्याचा आवाज येतो त्यात.

दापोली

ताई, पटलं. मग शेतातला शब्द देतो. आमच्याकडे भाताच्या तीन जाती सांगतात, हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं शंभर-एकशेदहा दिवसांत हाताशी येतं, वरकस, उताराच्या जमिनीत लावतात, जिथे पाणी फार दिवस ठरत नाही. गरवं साडेचार महिने घेतं, त्याला खोलगट, पाणी धरणारी जमीन लागते. पण हळव्या भाताला कुणी कमी लेखत नाही. नवरात्रात घरात नवा तांदूळ येतो तो हळव्याचा. कादंबऱ्यांचंही तसंच बघा ना. काही हळव्या, काही गरव्या. तुमची हळवी.

वेंगुर्ला

किती छान सांगितलंत! आमच्याकडेही हाच शब्द, आणि मी जन्मभर ऐकूनसुद्धा हा अर्थ पुस्तकाला लावून बघितला नव्हता. अडचण एवढीच की घाटावरचा वाचक ‘हळवी कादंबरी’ म्हटलं की रुमाल काढून बसेल. त्याला हळवं म्हणजे रडवेलं. पण आपल्यापुरता मी हा शब्द ठेवून घेतला.

रत्नागिरी

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून दोन शब्द व्याकरणाचे.

‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ यांवर वाद घालणारे पुष्कळ आहेत. लिंग म्हणजे खूण. शरीराची, नाहीतर व्याकरणातली. लैंगिक म्हणजे त्यासंबंधीचं. काटेकोर राहायचं तर माणसाच्या ओढीबद्दल बोलताना ‘समलैंगिक’ जवळचं. पण भाषा काटेकोरपणावर चालत नाही, ‘समलिंगी’ रुळला आहे आणि ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी तो स्वतःसाठी वापरला आहे. तो राहू द्यावा. मात्र दोन्ही शब्द संस्कृत पायघड्यांवरून येतात. न्यायालयात, अर्जात, लेखात शोभतात. ओटीवर बसून गप्पा मारताना कुणी म्हणत नाही, ‘तो समलिंगी मुलगा आंबे घेऊन आला’.

तुम्ही म्हणता तो अलेक्स समलिंगी नव्हेच, असं मला नातीने सांगितलं. तिने ही कादंबरी वाचली आहे. त्याला मुलीही आवडतात आणि मुलगेही. त्याला मराठीत सर्रास ‘उभयलिंगी’ लिहितात, ते मात्र चूक. उभयलिंगी फूल म्हणजे ज्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही आहेत ते. जास्वंद उभयलिंगी. अलेक्स जास्वंद नाही. तिथे ‘उभयलैंगिक’च हवं.

आणखी एक. दोन्ही नायक ‘तो’ असले की मराठीचं काय होतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. ‘त्याने त्याचा हात त्याच्या खिशात घातला.’ कुणाचा हात, कुणाचा खिसा? पण आपल्याकडे ‘आपला’ आहे. ‘त्याने आपला हात त्याच्या खिशात घातला’ म्हटलं की निम्मा गोंधळ मिटला. उरलेला ‘हा’ने मिटतो.

देवगड

गुरुजी, फुलांचं बरोबर. आम्ही बागायतदार उभयलिंगीला ‘संयुक्त फूल’ म्हणतो. आंब्याच्या एकाच मोहोरात नर फुलं आणि संयुक्त फुलं शेजारी शेजारी असतात, आणि फळ धरतं ते संयुक्त फुलाला. हापूसच्या मोहोरात ती कमीच. माणसाला हा शब्द लावू नये हे पटलं. शरीराचा विषय वेगळा, मनाचा वेगळा.

वेंगुर्ला

गुरुजी, ‘हा’बद्दल मला सविस्तर लिहायचंच होतं.

मी या कादंबरीची काही पानं स्वतःसाठी मराठीत करून बघितली. छापायला नाहीत, फक्त कानाला कसं वाटतं ते बघायला. पहिल्याच पानाला अडखळले. इंग्रजीत सगळं अलेक्सच्या बाजूने सांगितलंय, म्हणून इंग्रजीतला ‘ही’ (he) म्हणजे बहुतेक अलेक्स. मराठीत मी अलेक्सला ‘हा’ केला आणि हेन्रीला ‘तो’. हा वॉशिंग्टनला, तो लंडनला. ‘ह्याने फोन उचलला. त्याचा आवाज झोपेतला होता.’ नाव न घेता सगळं कळायला लागलं. आपल्या आज्या गोष्ट सांगताना असंच करायच्या की. हा वाघ, तो कोल्हा, मग ह्याने त्याला म्हटलं.

पण पुढे गंमत झाली. दोघं जवळ येत गेले तसा ‘तो’ मला जड जायला लागला. ‘तो’ म्हणजे लांबचा, पलीकडचा. ज्याच्या खांद्यावर ह्याने डोकं ठेवलंय त्याला ‘तो’ कसं म्हणू? एका परिच्छेदात मी दोघांनाही ‘हा’ लिहून टाकलं, आणि कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर हे कळेना झालं. खोडलं नाही मी ते. त्या क्षणी कळायला नकोच होतं.

दुसरा चटका मराठीच्या क्रियापदाचा. ‘मी तुझी वाट बघतो.’ इंग्रजीत हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणू शकतं. आपल्याकडे ‘बघतो’ म्हटलं की बोलणारा पुरुष, लपायला जागा नाही. त्या ईमेलमध्ये तर दोन्हीकडून ‘बघतो’, ‘आलो’, ‘थांबलो’. सुरुवातीला कानाला अनोळखी वाटलं, कारण मराठी प्रेमपत्रात एक बाजू ‘बघते’ असायची इतकी सवय आहे. चौथ्या-पाचव्या पत्रापर्यंत ती सवय मोडली. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या पुरुषाने लिहिल्या आणि बोलते ती स्त्री. तेव्हा आपल्याला काही खटकत नाही. मग दोन ‘बघतो’ तरी का खटकावेत?

हो, आणि लेखकाबद्दल. मॅकक्विस्टन स्वतःला स्त्री किंवा पुरुष अशा एका खणात बसवत नाहीत. इंग्रजीत त्यासाठी ‘दे’ (they) हे सर्वनाम वापरतात आणि त्यावर केवढी भांडणं होतात. मराठीत ‘मॅकक्विस्टन यांनी लिहिलं’, झालं काम. आपलं आदरार्थी अनेकवचन ते ओझं सहज उचलतं. ‘लेखक’ की ‘लेखिका’ एवढाच प्रश्न उरतो, तिथे मी ‘लेखक’ लिहिते, सगळ्यांसाठीच.

कुडाळ

ताई, इतका वेळ वाचत होतो. मी स्वतः यातला आहे, म्हणून लिहितो.

माझ्या वाट्याला आलेले शब्द आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की नवीन शब्द का हवेत. शाळेत ‘बायल्या’. मोठं झाल्यावर पाठीमागून ‘छक्का’, जो तृतीयपंथीयांसाठीही शिवीच आहे. वर्तमानपत्रात ‘अनैसर्गिक कृत्य’. आमच्या दशावतारात साडी नेसून उभा राहणारा नट ‘स्त्रीपार्टी’. तो शब्द कुणीतरी मला चिकटवायला बघायचं. तो मात्र मी घेतला नाही. स्त्रीपार्टी ही कला आहे, रात्र-रात्र जागून केलेली मेहनत आहे. त्या नटाचं घरदार, बायको-मुलं असतात. माझ्या आवडीशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्या कलेला माझ्यासाठी शिवी बनवू नये.

‘समलिंगी’ मला चालतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आमचे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं, त्या दिवशी मराठी बातम्यांत तोच शब्द होता, आणि पहिल्यांदाच तो चांगल्या बातमीत होता. त्या दिवसापासून त्याच्यावरचा माझा राग गेला. ‘गे’सुद्धा चालतो, आम्ही आपापसात तोच म्हणतो.

पण मला सगळ्यात आवडणारा शब्द माझ्या आवशीचा, आईचा. तिला मी सहा वर्षांपूर्वी सांगितलं. महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस फोनवर, इकडचं-तिकडचं झाल्यावर, म्हणाली, “आनी तुझो तो? बरो आसा मा?”

‘तुझो तो.’ नाव घेतलं नाही, नातं सांगितलं नाही, पण ‘तुझो’ म्हणाली. यंदा विचारलंन, “तुझो तो गणपतीक येतलो मा?” तुम्ही ‘हा’ आणि ‘तो’चं लिहिलंत ते वाचून मला हेच आठवलं. ताई, ‘तो’ लांबचा असतो हे खरं, पण मागे ‘तुझो’ लागला की नाही राहत.

वेंगुर्ला

दादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मघाशी दोघांनाही ‘हा’ करून बसले होते. आता ती पानं पुन्हा काढते, ‘ह्याचा तो’ लिहून बघते.

रत्नागिरी

कुडाळकर, शब्दकोशात नसलेला अर्थ तुमच्या मातोश्रींनी दिला. ‘मित्र’ या शब्दाबद्दल मी लिहिणार होतो. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात एका मुलीवर जीव जडलेल्या नायिकेचं नाव मित्रा, ते सुमित्राचं लघुरूप, आणि नाव नुसतं वाचलं तर ते मित्राचं, म्हणजे सख्याचंही वाटतं. पण ते नाटक शोकान्त, आणि आपल्याकडे या विषयावर जे लिहिलं गेलं ते बहुतेक त्याच सुरात. नोंदवहीत लाल शाईने लिहिणाऱ्याच्या मनात तेच असणार. त्याने पुस्तक न वाचता सवयीने शेरा मारला.

मालवण

‘नवरा’ का नको? लग्न झालेलं असो-नसो, मालवणीत ‘घोव’ म्हणा की सरळ.

कुडाळ

म्हणायला मलाही आवडेल. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने आमच्या लग्नाला मान्यता दिली नाही. बँकेच्या अर्जावर, दवाखान्यातल्या कागदावर ‘नवरा’ लिहिता येत नाही. घरात म्हणतो कधीकधी, लाडाने. बाहेर ‘जोडीदार’. कोरडा आहे, पण कुणी खोडत नाही.

वेंगुर्ला

आता माझ्या आत्याचं सांगते, कारण मला हवं होतं ते उत्तर तिथे मिळालं.

आत्या सत्तरी ओलांडलेली, माझ्याकडेच असते. मागच्या रविवारी पावसाने लाइट गेले होते, आम्ही दोघी मागच्या पडवीत फणसाच्या आठळा सोलत बसलो होतो. पांढरं जाड साल सुरीने काढायचं, आतला तांबूस पापुद्रा नखाने खरवडायचा, आणि आठळ पाण्यात टाकायची. हात गुंतलेले, तोंड मोकळं. म्हणाली, “काय वाचतंस ता सांग मगे.” मी सांगायला लागले. राष्ट्राध्यक्ष बाई, तिचा मुलगा, राजाच्या घरचा मुलगा, केक. केकवर पडले तिथे आत्या एवढी हसली की सुरी खाली ठेवली.

पुढे आल्यावर मी जरा अडखळले. शब्दच शोधत होते, तुम्हाला विचारले तेच. मी म्हटलं, “आत्या, आणि मग त्या दोघांचं…” आणि थांबले. तिने आठळ पाण्यात टाकली आणि म्हणाली, “जमला तेंचा?”

बघा ना. ‘जमला तेंचा.’ प्रमाण मराठीत ‘त्यांचं जमलं’. यात तो नाही, ती नाही. कर्ता नपुंसकलिंगी, मालक अनेकवचनी. ‘सूत जुळलं’, ‘जीव जडला’, ‘मन बसलं’, सगळी तशीच. गुरुजी, तुम्ही सांगा, पण मला वाटतं आपल्या भाषेने प्रेम होण्याच्या क्रियेला लिंग लावलेलंच नाही. ‘प्रेमात पडला’ म्हटलं की कोण पडला ते सांगावं लागतं, आणि ते वळणही इंग्रजीचं. ‘जमलं’ला ते लागत नाही. दोन मुलगे असोत, दोन मुली असोत, जमतं ते जमतं.

मग तिने विचारलं, “म्हणजे दोगय झील काय गो?” दोघंही मुलगेच का, असं. मी हो म्हटलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, दोन-तीन आठळा सोलल्या. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. तर म्हणाली, “आवशीक ठावक आसा?”

पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग नेमका तोच! अलेक्स आईला सांगतो. ही बाई अख्खा देश चालवते. ती रडत नाही, ओरडत नाही. पॉवरपॉइंट तयार करते. मुलाला समोर बसवून, पडद्यावर एकेक मुद्दा दाखवत, परदेशी राजघराण्यातल्या मुलाबरोबर असं काही झालं तर पुढे काय काय होऊ शकतं ते समजावते. काळजी आहे, राग आहे, लेकरावरची माया आहे, आणि ती सगळी सरकारी सादरीकरणातून बाहेर येते. आत्याला पॉवरपॉइंट म्हणजे काय ते सांगावं लागलं. मी म्हटलं, ग्रामसभेत भिंतीवर मुद्दे दाखवतात तसं. आत्या हसत सुटली, “आवस शाणी आसा तेची.”

हा एक प्रसंग वाचा आणि मग मला सांगा हे पुस्तक समस्याप्रधान आहे का.

दापोली

ताई, तुमच्या आत्या हसल्या तो शब्द घ्या. ‘हसरी’. हसरा चेहरा म्हणतो, हसरं मूल म्हणतो. ‘हसरी प्रेमकथा’ का नाही? हसऱ्या चेहऱ्याला कुणी उथळ म्हणत नाही. हसरा माणूस कधी रडलाच नसेल असंही कुणी समजत नाही.

वेंगुर्ला

मिळाला! ‘विनोदी’ म्हटलं की लोक हसण्यासाठी वाचतील आणि प्रेम निसटेल. ‘हसरी’त प्रेम पुढे आहे आणि हसू त्याच्या चेहऱ्यावर आहे. किती वेळ अंगणात शोधत होते, आणि हा उंबऱ्यावरच होता.

रत्नागिरी

संमत. ‘जमलं’बद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ‘जीव जडला’मध्ये जीव पुल्लिंगी आहे. पण ते जीवाचं लिंग, माणसाचं नव्हे, म्हणून मुद्दा तसाच राहतो.

वेंगुर्ला

गुरुजी, दुरुस्ती मान्य.

काल वाचनालयात गेले. लाल शाईवर मी रेघ मारली नाही; तो हक्क माझा नाही. त्या मुलीला आत्याची गोष्ट सांगितली. तिने समितीतल्या एका काकांना बोलावलं. शेरा त्यांचाच होता. ते म्हणाले, “पाठचं कव्हर वाचून लिहिलं, वाटलं असंच असणार.” मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं, केकचं पान उघडून. त्यांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि पुस्तक घरी नेलं. त्यामुळे रकान्यात अजून काही बदललेलं नाही. पुस्तक परत आलं की ते स्वतः लिहिणार आहेत. मी त्यांना कागदावर दोन शब्द लिहून दिलेत. ‘प्रेमकथा, हसरी.’ त्याखाली कंसात ‘समलिंगी’ घालावं का, हे मी कुडाळच्या दादांना विचारते. शोधणाऱ्या एखाद्या मुलाला ते सापडायला हवं असं मला वाटतं, पण शेरा मारल्यासारखं दिसायला नको.

कुडाळ

घाला ताई. मी सोळा वर्षांचा असताना आमच्या वाचनालयाची वही अशीच बोट फिरवत वाचत होतो. फक्त कंसात नको. बाकीच्या शब्दांच्या ओळीत, त्याच शाईने.